रोपाची प्रत पिशवीच्या आत पाहावी: वनरोपवाटिकेतली रोपं तपासण्याची सविस्तर पद्धत

रोपवाटिकेत शिरलं की नजर आधी शेंड्यांकडे जाते. उंच, हिरवीगार, दाट पानांची रांग दिसली की रोपं चांगली झाली असं आपण ठरवून टाकतो, आणि नोंदवहीतही बहुतेक वेळा उंचीच लिहिली जाते. पण लागवडीनंतरचे पहिले काही आठवडे रोप जगतं कशावर? पिशवीतून सोबत आलेल्या मातीच्या गोळ्यात जेवढं पाणी असेल, मुख्यतः तेवढ्यावरच. भोवतालच्या जमिनीत ओल असली तरी मुळं गोळ्याबाहेर पडून त्या मातीला भिडेपर्यंत ती ओल रोपाच्या फारशी कामाची नसते. पानं मात्र पहिल्या दिवसापासून पाणी खर्च करत असतात.

म्हणून उष्ण कटिबंधातल्या वनरोपांची प्रत ठरवताना मी एकच प्रश्न समोर ठेवतो: या रोपाची मुळं नव्या मातीत किती लवकर शिरतील, आणि तोवर वरचा पसारा त्यांना पेलवेल का? पुढची सगळी मोजमापं आणि सूत्रं या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहेत.

१. रोप कुठे जाणार आहे, ते आधी लिहून ठेवा

चांगलं रोप ही मोघम कल्पना आहे. गवताने माजलेल्या, पुरेशा ओलीच्या जमिनीवर जरा उंच रोप उपयोगी पडतं, कारण त्याला गवताच्या वर डोकं काढायचं असतं. उथळ, मुरमाड, लवकर सुकणाऱ्या उतारावर तेच रोप पहिल्या उघडिपीत माना टाकतं. तिथे बुटकं, जाड बुंध्याचं, खोल मुळांचं रोप हवं. त्यामुळे तपासणीच्या कागदावर सर्वांत वर लागवडीच्या जागेची माहिती हवी: मातीची खोली, पावसाची खात्री, तणांचा जोर, गुरांचा वावर.

प्रजातीचा स्वभावही इथेच लिहावा. अंजनाचं रोप पहिल्या हंगामात सोटमूळ खोल पाठवतं आणि जमिनीवर तुलनेने थोडंच दिसतं. सालाच्या रोपांचे शेंडे सुरुवातीची काही वर्षं पुन्हा पुन्हा वाळतात आणि मुळाच्या जोरावर ती परत फुटतात. अशा झाडांची उंचीवरून प्रतवारी करणं म्हणजे त्यांच्यावर सरळसरळ अन्याय आहे. सुबाभूळ किंवा निलगिरीसारखी झपाट्याने वाढणारी झाडं वेगळी. त्यांचा धोका उलटा, म्हणजे पिशवीत जास्त दिवस राहून लांबुडकी होण्याचा.

एक गोष्ट रोपाकडे पाहून कधीच कळत नाही: बियाणं कुठून आलं. एकाच सोयीच्या, हाताशी असलेल्या झाडाखालचं बी गोळा केलं असेल तर रोपं देखणी असूनही सगळी एकाच आईची लेकरं असतात. पुढे त्यांचंच आपापसात परागीभवन झालं की पुढच्या पिढ्या दुबळ्या होतात. किमान २५ ते ३० मातृवृक्ष आणि त्यांच्यात ५० ते १०० मीटरचं अंतर, हा बीजसंकलनाचा सर्वमान्य दंडक आहे. नोंदवहीत बियाण्याचा उगम, गोळा केल्याची तारीख आणि मातृवृक्षांची संख्या नसेल, तर ती उणीव तपासणीत ठळकपणे लिहा. मी तरी अशा रोपांना पहिली प्रत देणार नाही, ती दिसायला कितीही सरस असोत.

२. तपासणी कधी आणि किती रोपांची

मुख्य तपासणी रोपं बाहेर पडण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी करा. ट्रक दारात उभा असताना केलेल्या तपासणीचा उपयोग शून्य, कारण तेव्हा दोष सापडला तरी हातात काही उरत नाही. सहा आठवड्यांत मात्र सावली काढता येते, पाणी कमी करता येतं, रोपांची फेरमांडणी करून अंतर वाढवता येतं. याखेरीज पुनर्लागणीनंतर, म्हणजे गादीवाफ्यावरून किंवा ट्रेमधून रोपटी पिशवीत लावल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी मोजकी रोपटी उपटून मुळं पाहावीत. मूळ वाकडं लावण्याची चूक तेव्हाच पकडली तर पुढची हजारो रोपं वाचतात.

नमुना घेताना आधी गट पाडा. एकच प्रजाती, एकच बियाणं, एकाच सुमाराची पेरणी, एकाच मापाची पिशवी: हा एक गट. दोन गट मिसळले की आकड्यांना अर्थ राहत नाही. वाफ्याच्या कडेच्या दोन ओळी वगळा. त्यांना ऊन-वारा जास्त मिळतो आणि त्या गटाचं खरं रूप दाखवत नाहीत. (कडेची रोपं संख्येने बरीच असतील तर तो वेगळा गट धरा.) मग ठरावीक अंतराने रोप उचला, समजा दर चाळिसावं. सुरुवात कुठून करायची हे चिठ्ठी टाकून ठरवा. हाताला येईल ते रोप घेतलं की हात नकळत चांगल्याकडे वळतो, कितीही प्रामाणिक माणूस असला तरी.

किती रोपं? उंची आणि जाडीच्या सरासरीसाठी गट एकसारखा असेल तर ३० पुरतात. सदोष रोपांचं प्रमाण काढायचं असेल तर तेवढी अपुरी आहेत. ३० पैकी ६ सदोष निघाली तर आपण २० टक्के म्हणतो, पण पूर्ण गटातलं खरं प्रमाण साधारण १० ते ३७ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतं. १०० पैकी २० निघाली तर हीच कक्षा १३ ते २९ टक्क्यांपर्यंत आवळते. नाकारायचं की स्वीकारायचं याचा निर्णय त्या प्रमाणावर अवलंबून असेल तर १०० रोपं बघण्याचे कष्ट घ्यावेत. मुळं धुऊन पाहण्यासाठी गटामागे ५ ते १० रोपांचा बळी द्यावा लागतो. तो द्यावाच.

३. नजरेने आणि हाताने

खोड एकच आणि सरळ हवं. तळापासून दुभंगलेलं, शेंडा मोडून दोन-तीन फुटवे आलेलं लाकडासाठीचं रोप बाजूला काढा. बुंध्याचा खालचा भाग तपकिरी, लाकडासारखा झालेला असावा. शेंडा पकडून रोप हलकेच वाकवा आणि सोडा. काटक रोप उसळून सरळ होतं, कोवळं तसंच कलून राहतं. काठीच्या आधाराशिवाय जे उभं राहू शकत नाही त्याला वाऱ्यात पाठवू नका.

जमिनीलगतची रोपाची मान नीट बघा. तिथे काळपट, आत दबलेला पट्टा दिसला तर बुरशीची शंका घ्या. सालीवर कोयत्याची जखम किंवा वाळवीची माती दिसते का तेही पाहा.

पानांचा रंग बोलका असतो, पण तो वाचताना घाई नको. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता. जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर पालाश तपासा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय, आणि त्यामागे बरेचदा पिशवीतला चुना किंवा अल्कधर्मी पाणी असतं. अशा वेळी नत्र ओतून काही साधत नाही. कोवळी पालवी लालसर असली म्हणून दचकू नका. कुसुम, आंबा अशा कित्येक झाडांची नवी पालवी उपजतच तांबडी असते. आणि गडद हिरव्या, लुसलुशीत पानांनी भुलूही नका. शेवटच्या महिन्यात भरपूर युरिया दिलेलं रोप असंच दिसतं, त्याच्या पेशी पाण्याने फुगलेल्या असतात आणि उघड्या रानात ते सर्वांत आधी कोमेजतं.

४. उंची, जाडी आणि त्यांचं गुणोत्तर

उंची मानेपासून शेंड्याच्या वाढत्या कळीपर्यंत मोजा, पानाच्या टोकापर्यंत नव्हे. जाडी व्हर्नियर कॅलिपरने, पिशवीतल्या मातीच्या पृष्ठभागापासून १ सेंटिमीटर वर, एकमेकींना काटकोनात दोनदा मोजून सरासरी घ्या. खोड क्वचितच पूर्ण गोल असतं. एकट्या मोजमापाने भागवायचं असेल तर जाडी निवडा. बुंध्याची जाडी मुळांच्या पसाऱ्याशी आणि साठवलेल्या अन्नाशी जवळून जोडलेली असते, उंची तशी नसते.

मग काटकपणाचं गुणोत्तर काढा: उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले जाडी मिलिमीटरमध्ये. ४५ सेंटिमीटर उंच आणि ५ मिलिमीटर जाड रोपाचं गुणोत्तर ९ येतं, ३० सेंटिमीटर उंच आणि ५.५ मिलिमीटर जाड रोपाचं साधारण ५.५. आकडा लहान तितकं रोप दणकट. सर्वसाधारणपणे ६ च्या आत असावं असं मानतात. ६ ते ८ मध्ये जागा सौम्य असेल तर चालवून घेता येईल. त्यापुढे रोप लांबुडकं आहे आणि त्याचं कारण शोधलं पाहिजे: पिशव्या एकमेकींना चिकटून ठेवल्या, सावली फार दिवस ठेवली, नत्र जास्त झालं किंवा पाठवायला उशीर झाला. हे आकडे दिशादर्शक आहेत. प्रजातीनुसार ते सरकतात.

इथे सरासरीचा सापळा आहे. अर्धी रोपं २५ सेंटिमीटरची खुरटलेली आणि अर्धी ५५ सेंटिमीटरची लांबुडकी असतील तर सरासरी ४० येते आणि अहवालात गट झकास दिसतो, प्रत्यक्षात एकही रोप धड नसतं. म्हणून गुणोत्तर प्रत्येक रोपाचं वेगळं काढा आणि मर्यादेत किती टक्के बसतात ते लिहा.

५. पिशवी फाडा

संपूर्ण तपासणीत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी ही आहे आणि नेमकी तीच टाळली जाते, कारण रोप वाया जातं आणि हात चिखलात बुडवावे लागतात.

पिशवी उचलण्याआधी तिचा तळ बघा. मुळं भोकांतून खालच्या जमिनीत उतरली असतील तर रोप उचलताना ती तुटतील, आणि आजवर ज्या मुळांच्या जोरावर रोप तजेलदार दिसत होतं ती मागे राहतील. मग पिशवी ब्लेडने उभी कापा. गोळा ढासळला तर मुळं कमी आहेत किंवा मिश्रण फार भुसभुशीत आहे. गोळा अखंड राहून बाहेरून मुळांची बारीक जाळी दिसली तर उत्तम. माती दिसतच नाही, नुसती मुळांची वेटोळी दिसतात, असं असेल तर रोप पिशवीत जास्त दिवस राहिलंय.

यानंतर गोळा पाण्याच्या बादलीत भिजवून माती हळूहळू सुटू द्या. जोराने झटकलं तर बारीक मुळं तुटून जातात आणि वजनही चुकतं. धुतलेल्या मुळात चार गोष्टी शोधा.

पहिली, सोटमुळाचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग. पुनर्लागणीच्या वेळी खड्डा उथळ केला आणि लांब मूळ त्यात कोंबलं की ते गळासारखं वर वळतं. हा दोष आपोआप सुधारत नाही. रोप काही वर्षं वाढतंही, पण वळणाच्या जागी मुळं एकमेकांना आवळतात आणि पुढे झाड वाऱ्याने उन्मळतं किंवा मोठ्या दुष्काळात वाळतं. तोवर दोष कोणाचा हे सांगायला कोणी उरत नाही. नमुन्यातल्या १० पैकी ३-४ रोपांत हे वळण दिसलं तर पूर्ण गटाची पुन्हा तपासणी करा.

दुसरी, भिंतीलगतची वेटोळी. ती कोवळी असतील तर लावताना गोळ्याला दोन-तीन उभे काप देऊन आणि तळाची गुंडाळी छाटून बरंचसं भागतं. जाड, लाकडी झालेली वेटोळी असतील तर रोप बाद. रूट ट्रेनरच्या, म्हणजे पिशवीऐवजी वापरायच्या प्लॅस्टिकच्या खोल कप्प्यांच्या, आतल्या उभ्या धारा मुळांना खाली नेतात आणि तळाच्या मोठ्या भोकाशी हवा लागून मुळांची टोकं आपोआप थांबतात, म्हणून तिथे हा दोष कमी दिसतो. पण ट्रेनर जमिनीवर टेकवून ठेवले तर तो फायदा जातो. ते मांडणीवर, खाली हवा खेळेल असे हवेत.

तिसरी, मुळांचा जिवंतपणा. पांढरी, टवटवीत टोकं हवीत. काळी, मऊ मुळं, ज्यांची साल चिमटीत धरून ओढली की मोज्यासारखी निघून येते आणि आत दोरा उरतो, ती मूळकुजीची खूण. बहुतेक वेळा पाण्याचा अतिरेक आणि निचऱ्याचा अभाव यांतून ती येते.

चौथी, सोबती जीव. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरची गाठ नखाने कापून पाहा. आत गुलाबी किंवा लालसर असेल तर ती नत्र बांधते आहे, हिरवट किंवा राखाडी असेल तर निकामी. सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या, गाठींशी गल्लत करू नका. नत्राची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि चोळली की सुटते, सूत्रकृमीची गाठ म्हणजे खुद्द मूळच सुजलेलं असतं. साल, पाइन, निलगिरी यांच्या मुळांवर बुरशीचं पांढुरकं आवरण दिसलं तर ते रोग समजून औषध फवारू नका. ती रोपाला पाणी आणि स्फुरद पुरवणारी मित्रबुरशी असू शकते. इतर बहुतांश उष्ण कटिबंधीय झाडांची मित्रबुरशी मुळांच्या आत राहते आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

सागजडीची, म्हणजे सागाच्या रोपाचं मूळ आणि खोडाचा आखूड तुकडा ठेवून कापलेल्या लागवडीच्या काडीची, गोष्ट वेगळी, कारण तिथे पानं नसतातच. जडी सरळ, सर्वांत जाड भागी साधारण १ ते २ सेंटिमीटर, काप स्वच्छ आणि साल न सुरकुतलेली असावी. नखाने साल खरवडली की आत ओलसर दिसलं पाहिजे. फाटे फुटलेली, पेन्सिलीहून बारीक किंवा उन्हात पडून हलकी झालेली जडी घेऊ नका.

६. वाळवून वजन

ओव्हन आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा मिळत असेल तर धुतलेली रोपं मानेशी कापा, वरचा भाग आणि मुळं वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत घालून ७० अंश सेल्सिअसला ४८ तास, किंवा वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. वरच्या भागाचं वजन भागिले मुळांचं वजन हा आकडा साधारण १ ते २ मध्ये असला की तोल बरा. कोरड्या जागेसाठी तो १ कडे झुकलेला हवा.

याच मोजमापांतून डिक्सन गुणवत्ता निर्देशांक निघतो. एकूण कोरडं वजन घ्या आणि त्याला काटकपणाचं गुणोत्तर अधिक वर-मूळ गुणोत्तर या बेरजेने भागा. समजा एक रोप ३६ सेंटिमीटर उंच, ६ मिलिमीटर जाड, वरचा भाग ४ ग्रॅम आणि मुळं २ ग्रॅम. निर्देशांक ६ ÷ (६ + २), म्हणजे ०.७५. दुसरं ५४ सेंटिमीटर उंच, जाडी तेवढीच, वरचा भाग ५.५ ग्रॅम, मुळं १.५ ग्रॅम. एकूण वजन ७ ग्रॅम, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त, तरी निर्देशांक ७ ÷ (९ + ३.६७), म्हणजे सुमारे ०.५५. नजरेने आपण दुसरं निवडलं असतं.

मात्र हा निर्देशांक १९६० मध्ये स्प्रूस आणि पाइन या थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी रोपांसाठी मांडला गेला. वय आणि पिशवीचा आकार वाढला की तो आपोआप वाढतो. त्यामुळे एकाच प्रजातीच्या, एकाच वयाच्या गटांची तुलना करायला तो वापरा. साग आणि खैर यांचे निर्देशांक शेजारी ठेवू नका.

ओव्हन नसेल तर अडून राहू नका. मोजपात्रात पाणी घेऊन धुतलेली मुळं त्यात बुडवा, पाण्याची पातळी जितके मिलिलिटर चढेल तितकं मुळांचं आकारमान. गटागटांची तुलना करायला ते पुरेसं आहे.

७. रोपालाच काम करून दाखवू द्या

सगळी मापं बसूनही रोप आतून थकलेलं असू शकतं. मुळं नवी फुटतात का, हे थेट पाहता येतं. १० ते १५ रोपं मोठ्या कुंड्यांत स्वच्छ वाळूमिश्रित मातीत लावा, नियमित पाणी द्या आणि दोन-तीन आठवड्यांनी मुळं धुऊन १ सेंटिमीटरपेक्षा लांब नवी पांढरी मुळं मोजा. भरपूर फुटली असतील तर रोप निघायला तयार आहे. ज्यांना एकही नवं मूळ आलं नाही अशी रोपं नमुन्यात वारंवार दिसली तर गट थांबवून कारण शोधा.

दुसरी चाचणी पाणी तोडण्याची. काही रोपांना पाणी पूर्ण थांबवा. पहिले एक-दोन दिवस दुपारी पानं मलूल झाली तरी सकाळी ती ताठ झाली पाहिजेत. कितव्या दिवशी सकाळीही पानं उठत नाहीत ते लिहा. दोन गटांतला फरक इथे स्पष्ट दिसतो आणि काटक करण्याचं काम किती उरलंय तेही कळतं.

८. निर्णय: पाठवायची, थांबवायची, की टाकायची

प्रत्येक गटाची तीन भागांत विभागणी करा. आज पाठवण्याजोगी, दुरुस्त होण्याजोगी आणि बाद. कोवळेपणा, नत्राची उणीव, दाटी, सावलीची सवय हे दोष सहा आठवड्यांत सुधारतात: शेडनेट टप्प्याटप्प्याने काढा, पाण्याच्या पाळ्यांतलं अंतर वाढवा, नत्र थांबवा, पिशव्या हलवून जमिनीत शिरलेली मुळं तोडा आणि अंतर द्या. वळलेलं सोटमूळ, लाकडी वेटोळी, मूळकूज, सूत्रकृमी हे दोष सुधारत नाहीत. अशी रोपं मोठ्या पिशवीत हलवून पुढच्या वर्षीसाठी ठेवण्याचा मोह होतो. तो आवरा. मोठ्या पिशवीत वाकडं मूळ वाकडंच राहतं, आणि रोगट रोप शेजारच्यांना रोग देतं.

बाद करायला हात धजत नाही, कारण संख्येचं उद्दिष्ट डोक्यावर असतं. त्यावर उपाय पेरणीच्या वेळीच करायचा असतो: छाटणीत किती जातील याचा मागच्या हंगामांवरून अंदाज घेऊन तेवढी जादा रोपं धरायची. तसं केलेलं नसेल तर कमी रोपं पाठवा आणि तसं लेखी कळवा. निकृष्ट रोपासाठीही खड्डा, खत, कुंपण आणि राखण यांची मेहनत तेवढीच लागते. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भराव्या लागतात, ती मेहनत वेगळीच.

९. पाठवण्याच्या दिवशी आणि त्यानंतर

आदल्या संध्याकाळी गोळा पूर्ण भिजेल इतकं पाणी द्या. रोप उचलताना पिशवीला धरा, खोडाला नाही. गाडीत वाऱ्याच्या झोतापासून झाका. प्रत्येक गटावर प्रजाती, बियाण्याचा उगम आणि तपासणीचा निकाल लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

लागवडीत गट मिसळू देऊ नका, निदान काही ओळी खुणा करून वेगळ्या ठेवा. एका महिन्याने आणि पहिला कोरडा हंगाम संपल्यावर त्या ओळींतली जिवंत रोपं मोजा आणि तो आकडा रोपवाटिकेतल्या मोजमापांशेजारी लिहा. दोन-तीन हंगामांत तुमच्या प्रजातीला, तुमच्या जागेवर काटकपणाचं कोणतं गुणोत्तर चालतं आणि कुठे रोपं मरायला लागतात, हे तुमच्याच नोंदींतून दिसू लागेल. वर दिलेले सर्वसाधारण आकडे तेव्हा खुशाल बदला.

मेलेली रोपंही उकरून बघा. गोळा पिशवीच्या आकारातच घट्ट निघाला आणि एकही मूळ बाहेर पडलेलं नसेल तर दोष बहुधा रोपवाटिकेत शोधावा लागेल: जुनी वेटोळी, थकलेली मुळं किंवा न सुधारलेला कोवळेपणा. मुळं चहूकडे पसरलेली असूनही रोप वाळलं असेल तर लागवडीची वेळ, जागेची निवड किंवा देखभाल तपासा. सोटमूळ कुरतडलेलं असेल तर वाळवी किंवा हुमणी. प्रत्येक गटातली अशी दहा-वीस रोपं उकरून कारण नोंदवहीत गटाच्या क्रमांकासमोर लिहा, आणि पुढच्या हंगामाची पेरणी ठरवताना ती पानं उघडून बसा.